एका हाताने शर्ट घालून दाखवा

माझी वहिनी कामाला माणूस कसा निवडते ते सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. ऑनलाइन दुकानाची जाहिरात करायला माणूस हवा होता, तेव्हा तिने येणाऱ्याची ना पदवी पाहिली ना आधीच्या कामाचे फोटो. तिने समोरच्याच्या हातात एक साधा पुरुषी शर्ट दिला, डावा हात खिशात घालायला सांगितला आणि म्हणाली, "हा हात बाहेर काढायचा नाही. आता शर्ट घालून दाखवा."

मी तिची नणंद. तीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसून निवृत्त झालेली, समोरच्या गल्लीत राहणारी आणि तिच्या दुकानाची पार्सलं बांधणारी. पार्सल कसं बांधावं याबाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही, वहिनीचंही नाही. बाकी सगळ्या बाबतीत तिचं ऐकते, कारण मी ऐकलं नाही तरी ती करायचं तेच करते. नणंद-भावजयीचं कधी पटत नाही म्हणतात. आमचंही पटत नाही. पण आम्ही एकाच टेबलावर बसून भांडतो आणि भांडण मिटेपर्यंत सहा पार्सलं तयार होतात.

दुकान इंटरनेटवर असलं तरी त्याचा सगळा पसारा घराच्या पुढच्या दोन खोल्यांत. पहिल्या खोलीत कापड कापायचं लांब टेबल आणि खिडकीखाली तीन शिलाई मशीन, एक वहिनीचं, दोन शिवायला येणाऱ्या बायकांची. दुसऱ्या खोलीत फडताळं, इस्त्री, माझे खोके आणि उजेडाच्या बाजूला दादाची खुर्ची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शाळेत खेळाचा मास्तर होता. अख्खं मैदान एका शिट्टीत गप्प करायचा. चार वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणं जवळजवळ पूर्वीसारखं झालं, डावा हात मात्र कोपरात वाकून जो आखडला तो आखडलाच.

वहिनी तेव्हा एका मोठ्या इस्पितळाच्या कपडेकोठारात शिवणकाम करायची. चादरी, रुग्णांचे झगे, डॉक्टरांचे कोट. दिवसभर परक्यांचे कपडे शिवायचे आणि घरी नवऱ्याच्या शर्टाशी कुस्ती खेळायची. तो आखडलेला हात बाहीत जाता जात नसे. दादा ओरडायचा, वहिनी रडकुंडीला यायची आणि मी दोघांवर खेकसायची. एका रविवारी वहिनीने मोठी कातर घेतली आणि दादाचा बरा म्हणावा असा एकुलता एक शर्ट कॉलरपासून मनगटापर्यंत उभा कापला. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. संध्याकाळपर्यंत तिने त्या कापलेल्या कडांना वेल्क्रोच्या पट्ट्या लावल्या होत्या. हात होता तिथेच ठेवायचा, कापड वरून आणायचं आणि दाबायचं. पुढे बटणं होती, पण ती नुसती दिसायला. त्यांच्यामागेही पट्टीच. बघणाऱ्याला वाटावं साधा शर्ट.

"कुणाच्या मदतीशिवाय, एका हाताने घालता येईल असा शर्ट," ती म्हणाली. पुढे हेच वाक्य वेबसाइटच्या पहिल्या पानावर गेलं.

दादाला व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी तो शर्ट पाहिला आणि आपल्या दुसऱ्या पेशंटसाठी दोन मागितले. दोनाचे वीस झाले. माझ्या जावयाने वेबसाइट करून दिली, वहिनीने तिला 'सुलभ वस्त्रदालन' असं भारदस्त नाव दिलं आणि इस्पितळातून एक वर्षाची बिनपगारी रजा घेतली. वर्षभरात दुकान चाललं तर राजीनामा, नाही तर मुकाट्याने परत चादरी. कोठाराचे साहेब तसे सरळ माणूस, पण त्यांनी बजावलं होतं, "रजा संपेल त्या दिवशी सकाळी अकराला माझ्यासमोर यायचं आणि हो की नाही ते सांगायचं. एक दिवस वाढवून मिळणार नाही." वहिनी परत गेली असती तर शिवणाऱ्या दोघी घरी बसल्या असत्या आणि तो शर्ट पुन्हा एकट्या दादापुरता उरला असता.

नववा महिना संपला तेव्हा आठवड्याला चार शर्ट जात होते. मी सकाळी दहाला पार्सलं बांधायला बसायची आणि सव्वादहाला जांभया द्यायची.

मग दुकानाची जाहिरात करायला एक टाय लावलेला माणूस आला, आमच्या तोंडी टायवाला. जावयाच्या ओळखीतून. बोलायला लागला की तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. दर वाक्यात 'रीच' आणि 'एंगेजमेंट'. आमच्या वेबसाइटवर हँगरला टांगलेले रिकामे शर्ट होते, ते पाहून त्याने कपाळाला हात लावला. त्यात तो चुकला नव्हता, हे मला मान्य करायला हवं. पण उपाय काय, तर एक उंचापुरा, केस उडवणारा तरुण आणला, त्याला आमचा शर्ट घातला, डाव्या खांद्याची पट्टी मुद्दाम उघडी ठेवली आणि दोन्ही हात आभाळाकडे करायला लावून फोटो काढले. खाली लिहिलं, 'मोकळा हो!'

पोरांनी उड्या टाकल्या. पंधरा दिवसांत पन्नासेक शर्ट गेले. माझी बोटं दुखायला लागली आणि वहिनीने दोघींना जादा वेळ थांबवलं. तिसऱ्या आठवड्यात पार्सलं परत यायला लागली. एकाने लिहिलं, खांदा आपोआप उघडतो, नाचता येत नाही. एकाने लिहिलं, उजव्या खांद्यालाही तशीच फट द्या म्हणजे जोडी दिसेल. एका मुलीने विचारलं, फट डाव्याच बाजूला का, ही नवी फॅशन आहे का? मी एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचत होते. दादा हसून हसून खोकायला लागला. वहिनीने टायवाल्याला फोन लावला.

"तुम्ही माझा शर्ट कधी घालून पाहिलात का?"

"मॅडम, मला घालायची काय गरज? मी स्ट्रॅटेजी बघतो."

"मग तुमची स्ट्रॅटेजी घाला आणि उद्यापासून येऊ नका," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याच दुपारी तिने परीक्षा ठरवली. ज्याला आमचा शर्ट कशासाठी आहे हे कळत नाही, त्याने तो विकायचा नाही. आणि ते कळायला एकच वाट. आधी साधा शर्ट एका हाताने घालायचा.

रजेचे आठ आठवडे उरले होते. मला घाम फुटला होता, वहिनीला नाही. "माणूस मिळेल," ती म्हणायची, जणू भाजी आणायला निघालीय. पहिला आला तो परीक्षा ऐकूनच म्हणाला, मी इथे कामासाठी आलोय, खेळायला नाही. दुसऱ्याने चलाखी केली. खिशातला हात हळूच काढला, शर्ट चढवला आणि हसत उभा राहिला. वहिनीने त्याला पाणी दिलं आणि रस्ता दाखवला. तिसऱ्या मुलीने मोबाइल उभा करून स्वतःचंच शूटिंग सुरू केलं आणि शर्टाची बाही तोंडात धरून कॅमेऱ्याकडे बघत राहिली. तिला मी रस्ता दाखवला.

चौथी आली ती चाळिशीला टेकलेली बाई. खांद्याला जड पिशवी, पायांत धुळीने भरलेले बूट. याआधी तिने मोटार शिकवणाऱ्या एका शाळेची आणि कानयंत्रांच्या एका दुकानाची जाहिरात केली होती. आम्ही तिला जाहिरातवालीच म्हणायला लागलो. वहिनीने शर्ट पुढे केला. बाईने एकदा शर्टाकडे, एकदा वहिनीकडे पाहिलं आणि निमूटपणे डावा हात खिशात घातला.

पहिल्या मिनिटाला शर्ट जमिनीवर पडला. दुसऱ्या मिनिटाला तिने उजवा हात बाहीत घातला आणि मग रिकामी बाही पाठीमागे लोंबायला लागली. ती स्वतःभोवती गोल फिरली. टेबलाच्या कोपऱ्यात कॉलर अडकवून पाहिली. दातांनी ओढलं. एक अशी शिवी हासडली की शिवणाऱ्या दोघींची मशीन थांबली. शेवटी ती मटकन खाली बसली, शर्ट मांडीवर पसरला आणि म्हणाली, "रोज? हे रोज करायचं?"

"रोज," वहिनी म्हणाली.

"आणि पावसाळ्यात दोनदा बदलायचं झालं तर?"

"दोनदा."

बाईने खिशातला हात काढला आणि चोळत बसली. "मला रडायला येतंय, पण ते शर्टामुळे की रागामुळे ते कळत नाही," ती म्हणाली. वहिनीने तिला त्याच दिवशी ठेवून घेतलं. मी म्हटलं, "अगं, निदान दोन प्रश्न तरी विचार." वहिनी म्हणाली, "वन्सं, तिने विचारले ना. पावसाळ्याचा प्रश्न मला चार वर्षांत सुचला नव्हता."

दुसऱ्या दिवसापासून जाहिरातवालीने माझ्या टेबलाचा अर्धा भाग बळकावला. तिने वर्षभराच्या ऑर्डरी मागितल्या आणि एकेक नाव वाचत बसली. दुपारी तिने वहिनीला विचारलं, "काकू, तुमचं गिऱ्हाईक कोण?"

"हा काय प्रश्न झाला? ज्यांचा हात चालत नाही ते."

"पण ऑर्डरी त्यांनी दिलेल्या नाहीत. बघा ना. ती नाचणारी पोरं सोडा, बाकी बायको, मुलगी, बहीण, सून. दहातल्या नऊ बायकांच्या. आणि तुमचं दुकान सापडतं ते 'सुलभ वस्त्रे' असं शोधलं तर. असं कोण शोधणार? बाई घाईत असते, नवरा अर्धा शर्ट घालून बसलेला असतो. ती लिहिणार, 'हात आखडलाय, शर्ट कसा घालू?' आपलं पान तिथे सापडायला पाहिजे."

सुलभ वस्त्रदालन हे नाव वहिनीला फार आवडायचं. तिने नाक मुरडलं, तासभर मशीन जोरात चालवलं, मग उठून म्हणाली, "बदला." जाहिरातवालीने पानोपानी नवे शब्द घातले. लोक विचारतात तेच, आणि त्याची साधी उत्तरं. आठवड्याला चारांचे नऊ शर्ट झाले. चांगलं होतं, पण राजीनामा देण्याइतकं नव्हतं. सहा आठवडे उरले होते.

"आता फोटो नकोत," जाहिरातवाली म्हणाली. "एक व्हिडिओ. शर्ट घालणारा खरा माणूस. मध्ये काही कापायचं नाही, गाणं नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत." आणि ती दादाच्या खुर्चीकडे वळली. "काका, तुम्हाला हा शर्ट घालायला साधारण किती वेळ लागतो?"

दादा पेपर वाचत होता. त्याने पेपर मांडीवर ठेवला आणि वहिनीकडे पाहिलं. "मला काय माहीत? घालते ती."

"म्हणजे सवय नाही, पण एकट्याने..."

"त्यांना नाही जमायचं," वहिनी पटकन म्हणाली.

वहिनीच्या हातात कातर होती, ती तशीच उघडी राहिली. साडेतीन वर्षं ती सगळ्या जगाला सांगत होती, एका हाताने घालता येतो. भरल्या बाजारात पैज लावायची तिची तयारी होती. अनोळखी माणसांना तिने हात खिशात घालायला लावून घाम गाळायला लावला. आणि रोज सकाळी सातला स्वतःच्या नवऱ्याचा खांदा ती स्वतः दाबून बंद करत होती. मला तिच्यावर हसायचं होतं, पण हसू कोणत्या तोंडाने? मी तरी काय करत होते? रोज त्याच्या पायात चपला सरकवायला मीच वाकत होते की. तो लहानपणी माझ्या चपला शोधून द्यायचा, आता मी त्याच्या घालते, असं मनात म्हणत मी मोठी खूश व्हायची. त्याला काय वाटतं हे आम्हा दोघींपैकी एकीनेही विचारलं नव्हतं.

"दादा," मी म्हटलं, "तू कधी म्हणाला का नाहीस?"

"एकदा म्हणालो होतो. तेव्हा ही घाईत होती, कामावर जायचं होतं. मग..." त्याने उजवा हात उचलून सोडून दिला. "मग तुम्हाला दोघींना बरं वाटतंय असं दिसलं."

वहिनी आत गेली. मला वाटलं, आता ही दार लावून घेणार. ती फडताळातला निळा शर्ट घेऊन बाहेर आली, तो दादाच्या मांडीवर ठेवला आणि जाहिरातवालीला म्हणाली, "लावा तुमचा कॅमेरा."

पहिला दिवस वाया गेला. कॉलर डोक्यात अडकली, पट्टी भलत्याच ठिकाणी चिकटली, दादाने शर्ट भिंतीवर फेकला आणि मैदानावरच्या आवाजात म्हणाला, "सगळ्या बाहेर व्हा!" आम्ही झालो. दुसऱ्या दिवशी त्याने शूटिंगला नाही म्हटलं, पण दार बंद करून दुपारभर आत काहीतरी खुडखुड करत होता. पट्टी उघडल्याचा खर्र आवाज दारातून ऐकू यायचा. वहिनी बाहेर मशीनवर बसून एकाच शिवणीवर तीनदा शिलाई घालत होती. चौथ्या दिवशी सकाळी तो बनियनवर येऊन खुर्चीत बसला आणि म्हणाला, "घ्या."

वहिनीला बाजूच्या स्टुलावर बसवलं होतं, तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. दादाने आधी आखडलेला हात मांडीवर नीट मांडला. त्यावर कापड आणलं, मनगटाकडून दाबत दाबत वर गेला. कोपरापाशी घडी पडली. उघडलं, पुन्हा दाबलं. मग दुसरी बाही. पाठीमागचा भाग खुर्चीच्या पाठीला टेकून सरकवला, ही युक्ती त्याची स्वतःची. चौथं मिनिट चालू होतं. खांद्याची पट्टी कॉलरपाशी येईना. तीनदा बोटं घसरली. वहिनीचा हात मांडीखालून निघाला आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत शिरला.

"हात काढ," दादा म्हणाला. रागाने नाही, तिच्याकडे न बघता.

हात मागे गेला. त्याने पट्टी धरली, दाबली आणि समोर बघून कॉलर सरळ केली. सहा मिनिटं चाळीस सेकंद. शिवणाऱ्या दोघी दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. मी नेहमीसारखी कुणावर तरी ओरडायला माणूस शोधत होते.

वहिनी जाहिरातवालीला म्हणाली, "माझा हात आलाय तेवढं काढून टाका."

"ते काढलं तर मी काम सोडते."

"लोक काय म्हणतील? बायको शेजारी बसून बघतेय आणि मदत करत नाही."

"काकू, हे बघणारी प्रत्येक बाई तो हात ओळखेल. तिचाच हात आहे तो."

दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. मी मध्ये पडले नाही, कारण प्रथमच मला दोघींचंही पटत होतं. शेवटी निकाल दादाने लावला. "राहू दे. मी एवढा वेळ घालून शर्ट घातला, तिला अर्धा सेकंद तरी मिळू दे."

व्हिडिओ गेला तेव्हा मी पैजेवर सांगितलं होतं, सात मिनिटं कुणी बघणार नाही. ती पैज मी हरले आणि त्याचा मला आजही आनंद आहे. लोक शेवटपर्यंत बघत होते. बायकांनी खाली पानंच्या पानं लिहिली. एकीने लिहिलं, मी आठ वर्षं वडिलांची बटणं लावतेय, आज त्यांना विचारलं तर म्हणाले, जरा बाजूला हो. एकीने नुसतं लिहिलं, 'हात काढला.' पहिल्या आठवड्यात अडतीस शर्ट गेले, पुढच्या आठवड्यात त्याहून जास्त, आणि या वेळी परत आलेली पार्सलं दोन, तीही मापं चुकल्यामुळे. मला मदतीला माणूस लागला आणि तो कसं बांधतो यावरून मी त्याच्याशी भांडायला लागले. म्हणजे सगळं ठीक चाललं होतं.

रजेचा शेवटचा दिवस उजाडला. वहिनीने राजीनामा चार दिवस आधीच लिहून ठेवला होता, स्वच्छ अक्षरात, दोन ओळी. तो द्यायला दादाही यायचा होता. झटक्यानंतर डॉक्टरकडे सोडून तो कुठेच गेला नव्हता, आणि त्याने स्वतःच सांगितलं होतं, मी येणार. टॅक्सी सव्वादहाला दाराशी आली. दादा आत कपडे घालत होता. वहिनी पायांत चपला घालून, पर्स काखेत मारून बंद दाराबाहेर उभी होती. साडेदहा झाले. टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि दादाची एक शिवी. वहिनीने कडीकडे हात नेला नाही. पावणेअकराला दार उघडलं. गडद रंगाचा शर्ट, कॉलर एका बाजूला किंचित वर. तीही तिने सरळ केली नाही. मी केली असती, म्हणून मी माझे हात पदरात गुंडाळले.

कोठारात पोचायला अकरा वाजून वीस मिनिटं झाली. दादा बाहेरच्या बाकावर बसला, वहिनी आणि मी आत गेलो. साहेब घड्याळाकडे बघत होते.

"बावीस वर्षांत तुम्हाला कधी उशीर झाला नाही," ते म्हणाले. "आजच कसा?"

"आमचे हे तयार होत होते."

"अहो, मग तुम्ही मदत नाही का करायची?"

"नाही," वहिनी म्हणाली आणि राजीनामा टेबलावर ठेवला.